प्रिऑनच्या सैल भागावर तांबे कसे बसते, आणि ते कसे मोजावे

बडोद्यात बायोकेमिस्ट्री किंवा केमिस्ट्रीची एमएस्सी करणारी मुले प्रकल्पासाठी प्रिऑन या प्रथिनाकडे (मॅड काऊ रोगात ज्याची घडी बिघडते ते) वळली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, या प्रथिनाची कॉपरशी ॲफिनिटी किती?" ॲफिनिटी म्हणजे प्रथिन तांब्याला किती घट्ट धरते ते. ती केडीने सांगतात, म्हणजे निम्म्या जागा भरायला किती मोकळे तांबे लागते त्या आकड्याने; आकडा जितका लहान, तितका बंध घट्ट. मुलांनी तोवर दोन-चार पेपर चाळलेले असतात. एकात ०.१ नॅनोमोलर दिलेले असते, दुसऱ्यात १० मायक्रोमोलर. लाखपट फरक. यातला एक आकडा चुकीचा असणार असे धरून मुले कोणता खरा ते विचारायला येतात. दोन्ही खरे आहेत. एकाच प्रथिनाच्या एकाच तुकड्याचे आहेत. ॲफिनिटी विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो, तांबे किती घातले होतेस?

पुढचे सगळे त्या प्रश्नाचे उत्तर स्वतः मोजून काढण्यासाठी आहे. फ्लुओरिमीटर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि विश्वासाचा पीएच मीटर एवढे विभागात असेल तर निम्म्याहून अधिक काम इथल्या इथे होते.

आधी प्रथिन ओळखून घ्या

मानवी प्रिऑन प्रथिन तयार होते तेव्हा २५३ अमिनो आम्लांचे असते. पुढचा २२ आम्लांचा सिग्नल तुकडा कापला जातो. शेपटाकडूनही काही भाग जातो आणि २३० व्या सेरीनला जीपीआय नावाचा मेदाचा नांगर लागतो. त्या नांगराने प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला अडकून राहते. साधारण १२५ पासून पुढचा अर्धा नीट घडी घातलेला आहे: तीन अल्फा हेलिक्स, एक छोटी बीटा शीट, १७९ आणि २१४ या दोन सिस्टीनांमध्ये डायसल्फाइड बंध. झुरिकच्या कुर्ट वुथ्रिख यांच्या गटाने उंदराच्या प्रथिनातल्या या भागाची रचना १९९६ मध्ये एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचणारे तंत्र) दाखवली.

२३ ते १२५ हा उरलेला भाग मात्र कुठल्याही एका आकारात राहत नाही. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन कोशात पी ०४१५६ या क्रमांकाखाली मानवी प्रथिन सापडते. तिथले अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने भाकीत केलेले चित्र उघडले तर हा भाग खात्री नसल्याच्या रंगात इकडेतिकडे भरकटलेला दिसतो. त्या चित्रातला वळसा खरा मानून त्यात तांब्याची जागा शोधत बसू नका. रेणू कुठे बसेल ते सुचवणारे डॉकिंग सॉफ्टवेअर काहीतरी उत्तर देईलच, कारण उत्तर देणे हेच त्याचे काम. पण इथे आयनाची वाट पाहत असलेला तयार खळगा नाही. आयन आल्यावर साखळी त्याच्याभोवती वळते आणि तेव्हा जागा घडते.

या सैल भागात आठ आम्लांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो: प्रोलीन, हिस्टिडीन, तीन ग्लायसीन, ट्रिप्टोफॅन, ग्लायसीन, ग्लुटामीन. ६० ते ९१ या पट्ट्यात त्याची चार आवर्तने आहेत, म्हणून त्याला ऑक्टारिपीट म्हणतात. त्याच्या आधी ५१ पासून असाच एक तुकडा आहे, पण त्यात हिस्टिडीन नाही आणि तांब्याच्या हिशेबात तो फारसा येत नाही. चार आवर्तनांतली हिस्टिडीने ६१, ६९, ७७ आणि ८५ क्रमांकांवर आहेत. पुढे ९६ आणि १११ वर आणखी दोन हिस्टिडीने आहेत. तिथेही तांबे बसते, पण तो वेगळा प्रकल्प होईल. पहिल्या वर्षी त्याला हात लावू नका.

तांबे दोन तऱ्हांनी बसते

१९९७ मध्ये डेव्हिड ब्राउन आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन जिवंत पेशीतही तांबे धरते असे नेचरमध्ये मांडले आणि या विषयाला जोर आला. सांताक्रूझच्या ग्लेन मिलहाउझर यांच्या गटाने २००२ मध्ये आवर्तनाच्या गाभ्याचा, म्हणजे हिस्टिडीन, तीन ग्लायसीन आणि ट्रिप्टोफॅन एवढ्याचा, तांब्यासह स्फटिक तपासला. त्यात तांब्याला चार हात मिळालेले दिसतात: हिस्टिडीनच्या इमिडाझोलचा नायट्रोजन, पुढच्या दोन ग्लायसीनांचे पाठीच्या कण्यातले अमाइड नायट्रोजन आणि दुसऱ्या ग्लायसीनचा कार्बोनिल ऑक्सिजन. वरच्या बाजूने एक पाण्याचा रेणू येतो आणि तो ट्रिप्टोफॅनच्या इंडोलशी हायड्रोजन बंधाने जोडलेला असतो. ट्रिप्टोफॅन उत्तेजित केला की प्रकाश देतो आणि अगदी जवळ आलेले तांबे तो प्रकाश विझवते. ट्रिप्टोफॅन तांब्याच्या इतक्या जवळ येतो म्हणूनच फ्लुओरिमीटरने हे काम जमते, हे लक्षात ठेवा.

ही तऱ्हा भरपूर तांबे असतानाची. प्रत्येक आवर्तन आपले एक तांबे धरते, चार आवर्तनांवर चार तांबी बसतात आणि बंध तसा ढिला असतो, केडी १० मायक्रोमोलरच्या आसपास. तांबे दुर्मीळ असेल तेव्हा चारही हिस्टिडीने एकाच तांब्याभोवती गोळा होतात. तो बंध घट्ट, केडी सुमारे ०.१ नॅनोमोलर. एकच ताट असले तर चौघे त्याभोवती बसतात, चार ताटे आली की प्रत्येक जण आपापले घेऊन वेगळा होतो. या दोन्हींच्या मधली एक अवस्थाही आहे, पण ती ईपीआरशिवाय (एकट्या इलेक्ट्रॉनाचा वर्णपट घेणारे तंत्र, पुढे येते) वेगळी काढता येत नाही.

म्हणून तांबे वाढवत नेले की प्रत्येक नवा आयन आधीच्यापेक्षा कमी घट्ट बसतो. सगळे बिंदू एकाच वक्रात कोंबून एकच केडी काढली, तर मिळेल तो आकडा कोणत्याच तऱ्हेचा नसेल.

पेप्टाइड मागवताना

दोन पेप्टाइड मागवा. एक, एकाच आवर्तनाचे. दुसरे, ६० ते ९१ असे चारही आवर्तनांचे. मागणीपत्रात एक गोष्ट ठळक लिहा: पुढचे टोक ॲसिटाइलने आणि मागचे टोक अमाइडने बंद हवे. हे लिहायचे राहिले तर पुढचे सहा महिने वाया. मोकळे अमिनो टोक स्वतःच तांबे पकडते, आणि आपल्या पेप्टाइडात हिस्टिडीन नेमके दुसऱ्या क्रमांकावर आहे. मोकळे टोक आणि दुसऱ्या जागी हिस्टिडीन ही जोडी तांब्याला फार घट्ट धरते. आकडे सुंदर येतील, पण ते प्रिऑनचे नसतील. खऱ्या प्रथिनात त्या प्रोलीनच्या आधी साखळी चालू असते, तिथे मोकळे टोक नाहीच.

दोन्ही टोके बंद असलेल्या एका आवर्तनाचे वस्तुमान सुमारे ८३५.४ डाल्टन भरते, म्हणजे मास स्पेक्ट्रममध्ये ८३६.४ ला शिखर दिसायला हवे. सोबत आलेल्या कागदावर ते बघितल्याशिवाय कुपी उघडू नका. पावडर वजन करून तीव्रता काढू नका, कारण तिच्यात ट्रायफ्लुओरोॲसिटेट आणि ओलावा असतो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेली कुपी उघडली की बघता बघता ओल धरते. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. तीव्रता शोषणावरून काढा. २८० नॅनोमीटरला एका ट्रिप्टोफॅनचा मोलर शोषणांक सुमारे ५५०० असतो. एकेरी पेप्टाइडच्या २० मायक्रोमोलर द्रावणाचे शोषण ०.११ यायला हवे. चार आवर्तनांत चार ट्रिप्टोफॅन, म्हणून तिथे अंक २२००० धरा.

पाणी आणि भांडी

प्रकल्प बिघडतात ते बहुधा इथे. लॅबमधले भाई काचेची भांडी क्रोमिक ॲसिडने चकचकीत करून देतात आणि "बेन, एकदम चोख्खं केलंय" म्हणून सांगतात. डोळ्याला ती चोखच दिसतात, पण आपल्याला मोजायचे आहे ते नॅनोमोलरच्या घरातले. काच धातूचे आयन धरून ठेवते आणि नको तेव्हा सोडते. या कामाला काच शक्य तितकी टाळा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या व नळ्या वापरा. त्या १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवा, मग शुद्ध पाण्याने पुष्कळ वेळा धुवा. धातूचे चमचे नकोत. पाणी १८.२ मेगाओहमचे हवे. नळाला आजव्याचे पाणी येवो की महीचे, जुन्या डिस्टिलेशनच्या भांड्यातून दोनदा गेले म्हणून ते धातुमुक्त होत नाही. त्या भांड्याच्या आतल्या जोडांकडे एकदा नीट बघा म्हणजे कळेल.

बफर तयार झाल्यावर तो धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनवरून काढा. रेझिन पीएच थोडा वर नेते, म्हणून पीएच नंतर पुन्हा लावा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवू नका. थोडे द्रावण वेगळे काढून मोजा आणि ते फेकून द्या.

तांब्याचे द्रावण

कॉपर सल्फेटचा पाच पाण्यांचा निळा स्फटिक घ्या, त्याचा रेणुभार २४९.७. पाव ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवला की सुमारे १० मिलिमोलर द्रावण होते. "सुमारे" पुरत नाही. म्युरेक्साइड निर्देशक घालून, तांब्याला फार घट्ट धरणाऱ्या ईडीटीएने त्याचे टायट्रेशन करा आणि नेमका आकडा बाटलीवर लिहा. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचे हे प्रॅक्टिकल, पण याच एका आकड्यावर सगळे गुणोत्तर उभे असते. हे द्रावण शुद्ध पाण्यात ठेवा, बफरमध्ये नाही.

कारण उघड आहे. पीएच ७.४ ला हायड्रॉक्साइड आयनांची तीव्रता सुमारे २.५ गुणिले दहाचा उणे सातवा घात असते. कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार साधारण २ गुणिले दहाचा उणे विसावा घात धरला, तर मोकळे तांबे ०.३ मायक्रोमोलरच्या वर टिकू नये. ताजा अवक्षेप हळू बनतो म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त खपते, पण क्युव्हेटमधली बारीक धुंदी हीच असते. ढिल्या तऱ्हेचा आकडा १० मायक्रोमोलरचा, आणि पाण्यात मोकळे तांबे तितके राहायलाच तयार नाही. म्हणून ढिल्या बाजूचे छापील आकडे मी नेहमी थोड्या सावधपणे घेते. घट्ट बाजूचे आकडे मला जास्त भरवशाचे वाटतात.

बफर कोणता

ट्रिस नको, तो तांब्याला स्वतः धरतो. फॉस्फेट नको, तो तांब्याचा गाळ करतो. डीटीटी आणि टीसीईपी हे क्षपणक तर बाटलीच्या जवळही नकोत, ते कॉपर टूचे (दोन धनभारांचे, आपण मोजतो ते तांबे) कॉपर वन (एका धनभाराचे) करतात. एन-इथाइलमॉर्फोलीन हा या कामातला जुना, चांगला बफर. त्याचा वास उग्र असतो, धूरकपाटात हाताळा. तो नसेल तर मॉप्स चालतो. तीव्रता ५० मिलिमोलर ठेवा, याचे कारण खाली येते.

पहिला प्रयोग: किती बसतात

एकेरी पेप्टाइड १ मिलिमोलर करून छोट्या क्युव्हेटमध्ये घ्या आणि तांबे ०.१ पटीच्या हप्त्यांनी वाढवा. नुसते कॉपर सल्फेट ८०० नॅनोमीटरच्या आसपास शोषते आणि त्याचा रंग फिका आकाशी असतो. पेप्टाइडला बसल्यावर पट्टा ६०० च्या बाजूला सरकतो आणि निळा रंग गडद होऊन जांभळ्याकडे झुकतो. १ मिलिमोलरला हा रंग जेमतेम दिसतो. क्युव्हेट पांढऱ्या कागदासमोर धरा आणि शेजारी तेवढेच कॉपर सल्फेट ठेवा, म्हणजे फरक कळतो.

प्रत्येक हप्त्यानंतर पीएच बघा. या तऱ्हेत दोन अमाइडांवरचे प्रोटॉन सुटतात, म्हणजे १ मिलिमोलर तांब्यामागे २ मिलिमोलर आम्ल तयार होते. १० मिलिमोलरचा बफर एवढ्याने हलतो, पीएच सातच्या खाली घसरतो, अमाइडे सुटायची थांबतात आणि वक्र अर्ध्यावर वाकतो. मुले मग अर्धेच तांबे बसते असा निष्कर्ष लिहितात. बफर ५० मिलिमोलर ठेवायचा तो यासाठी.

शोषण एक-एक या प्रमाणापर्यंत चढून सपाट झाले पाहिजे. मास स्पेक्ट्रमचीही सोय असेल तर अमोनियम ॲसिटेटमध्ये नमुना द्या. फॉर्मिक ॲसिडमध्ये दिला तर तांबे गळून पडते. ८३६.४ च्या शिखरापुढे ६१ ने जास्त, म्हणजे ८९७.३ ला नवे शिखर दिसेल. तांब्याचे ६३, मग ६१ का, असे व्हायवात हमखास विचारतात. तांबे द्विधन आहे आणि शिखरावर भार मात्र एकच. त्यामुळे आधीच्या शिखरातले दोन प्रोटॉन वजा करावे लागतात.

दुसरा प्रयोग: किती घट्ट

इथे वेळ द्या. प्रकल्पाचा जीव या भागात आहे.

०.१ नॅनोमोलरची केडी सरळ टायट्रेशनने मोजता येत नाही. पेप्टाइड १ मायक्रोमोलर असले तर घातलेले पहिले सगळे तांबे त्याच्यावर बसून जाते आणि वक्र दोन सरळ रेषांचा होतो. त्यातून संख्या कळते, घट्टपणा कळत नाही. म्हणून मध्ये एक प्रतिस्पर्धी घालायचा, ग्लायसीन. तेही तांबे धरते, पण मध्यम ताकदीने, आणि त्याचे स्थिरांक नीट माहीत आहेत. ग्लायसीन भरपूर ठेवले की मोकळे तांबे पीएचसारखे आपल्या हातात राहते.

गणित एकदा हाताने करा, नंतर खुशाल एक्सेलमध्ये टाका. तांब्याला एक ग्लायसीन बसण्याचा लॉगरिदम स्थिरांक ८.२, दोन मिळून १५.० धरा. ग्लायसीनच्या अमिनो गटाचा पीकेए ९.७ च्या आसपास, त्यामुळे पीएच ७.४ ला दर दोनशेतले एकच ग्लायसीन धरायला मोकळे असते. म्हणजे प्रत्येक ग्लायसीनमागे २.३ वजा. पहिला स्थिरांक ५.९ वर आला, दोघांचा मिळून १०.४ वर. आता ग्लायसीन १ मिलिमोलर असेल तर प्रत्येक मोकळ्या आयनामागे पहिल्या रूपात सुमारे ८०० आणि दुसऱ्या रूपात सुमारे २५००० आयन अडकलेले असतात. थोडक्यात मोकळे तांबे एकूणच्या २६००० वा हिस्सा. एकूण १० मायक्रोमोलर घातले तर मोकळे ०.४ नॅनोमोलरच्या जरा खाली. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही पिपेटने ०.४ नॅनोमोलर तांबे बनवता येत नाही, ग्लायसीनने ते सहज बनते.

आता कृती. चार आवर्तनांचे पेप्टाइड १ मायक्रोमोलर, ग्लायसीन १ मिलिमोलर, बफर पीएच ७.४, एकूण २ मिलिलिटर. तापमान २५ अंशांवर पाण्याच्या सर्क्युलेटरने बांधा. मे महिन्यात बाहेर ४२ असताना एसी बंद पडला, तर ग्लायसीनचा पीकेएही हलतो आणि वरचे सगळे गणित हलते. उत्तेजन २९५ नॅनोमीटरला, उत्सर्जन ३१० ते ४५० वाचा, शिखर ३५० च्या जवळ येईल. २८० ला उत्तेजित केले तरी चालते, पण तांबे बसल्यावर त्या भागात नवे शोषण येते आणि प्रकाश कमी झाला तो त्यामुळे की विझल्यामुळे, हे कळेनासे होते.

१ मिलिमोलर कॉपर सल्फेट १ मिलिमोलर ग्लायसीनमध्येच बनवू नका, तिथे ग्लायसीन पुरत नाही. साध्या पाण्यातले १ मिलिमोलर तांबे घ्या. त्याचे २ मायक्रोलिटर म्हणजे क्युव्हेटमध्ये १ मायक्रोमोलरची भर. पिपेटचे टोक द्रावणाच्या पृष्ठभागाखाली न्या, हळू सोडा, झाकण लावून क्युव्हेट दोनदा उलटी करा, हलवत राहू नका. शटर बंद ठेवा, नाहीतर ट्रिप्टोफॅन दिव्यानेच जळत राहतो. दोन मिनिटे थांबा, वाचा, आणखी एक मिनिटाने पुन्हा वाचा. दोन वाचने जुळली की पुढचा हप्ता. एकूण ३ मायक्रोमोलर तांब्याच्या जवळपास वक्र अर्ध्यावर यायला हवा. केडी ०.१ नॅनोमोलर असेल तर तिथे मोकळे तांबे तेवढेच होते आणि अर्धा मायक्रोमोलर पेप्टाइडवर बसलेले असते. १० मायक्रोमोलरला साधारण ७९ टक्के भरते. एवढ्या पट्ट्यात ढिली तऱ्हा सुरूच होत नाही, कारण तिला लागणारे मोकळे तांबे हजारो पटींनी जास्त. दोन तऱ्हा वेगळ्या काढण्याची युक्ती हीच.

फार पुढे जाऊ नका. मोकळे तांबे ५ नॅनोमोलरवर न्यायला एकूण १३० मायक्रोमोलर लागते, आणि मग पाव मिलिमोलरहून जास्त ग्लायसीन त्यातच गुंतते. तिथे २६००० चे सोपे गुणोत्तर चालत नाही, पूर्ण समीकरण सोडवावे लागते.

या प्रयोगाच्या तीन चाचण्या केल्याशिवाय आकडा मला दाखवायला आणू नका, असे मी सांगून ठेवलेले असते. पहिली: पेप्टाइडऐवजी एन-ॲसिटाइल ट्रिप्टोफॅनामाइड घेऊन तेच हप्ते द्या. त्याला तांबे बसत नाही, तेव्हा जी थोडी घट दिसेल ती धडकांनी विझल्याची आणि विरळ झाल्याची, ती वजा करा. दुसरी: शेवटी ईडीटीए जादा घाला. प्रकाश जवळजवळ मूळ जागी परत आला पाहिजे. नाही आला तर गाळ झाला आहे किंवा ट्रिप्टोफॅन ऑक्सिडाइज झाला आहे. तिसरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: सगळा प्रयोग २ मिलिमोलर ग्लायसीनमध्ये पुन्हा करा. ग्लायसीन दुप्पट केले की मोकळे तांबे जवळजवळ चौथाई होते, त्यामुळे वक्र उजवीकडे बराच सरकतो. पण त्यातून निघणारी केडी तीच राहायला हवी. बदलली तर ग्लायसीन स्वतः पेप्टाइड-तांब्याच्या जोडीत घुसून बसले असेल, किंवा तांब्याच्या बाटलीवरचा आकडा खोटा असेल.

आणखी एक. प्रकाश अर्धा विझला म्हणजे पेप्टाइड अर्धे भरले असे सरसकट धरू नका. चार हिस्टिडीनांच्या तऱ्हेत चारही ट्रिप्टोफॅन तांब्यापासून सारख्या अंतरावर नसतात. घट कुठे सपाट होते ते प्रत्यक्ष बघा आणि तिला शंभर टक्के धरा.

डोळ्याने खात्री: ईपीआर

फ्लुओरिमीटर तांबे बसले एवढे सांगतो, कोणत्या तऱ्हेने ते सांगत नाही. ते ईपीआर सांगतो. कॉपर टूवर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे आणि केंद्रकाचा स्पिन तीन-द्वितीयांश, म्हणून वर्णपटात चार रेषा येतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन किती लागले आहेत यावर त्या रेषांची जागा आणि अंतर बदलते. त्यामुळे एकाच पेप्टाइडला अर्धी, एक, दोन आणि चार पट तांबे दिलेले चार नमुने शेजारी मांडले की एक आकृती मावळून दुसरी उगवताना दिसते.

विभागात यंत्र नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ या सामाईक उपकरण सुविधेकडे अर्ज करता येतो. नमुने तिथेच गोठवणार असाल तर पेप्टाइड आणि तांबे वेगळे न्या आणि आदल्या संध्याकाळी मिसळा. इथूनच गोठवून नेणार असाल तर द्रव नायट्रोजनची अडचण नाही. आणंद-बडोदे पट्ट्यात गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याची भांडी सतत फिरत असतात. गोठवण्याआधी २० टक्के ग्लिसरॉल घाला, नाहीतर बर्फाच्या स्फटिकांत तांबे एकत्र गोळा होते आणि रेषा पसरतात. तांबे ५० ते १०० मायक्रोमोलरच्या खाली ठेवले तर गोंगाटात हरवते.

एनएमआर करायचा मोह होतो. पण कॉपर टू चुंबकीय असल्यामुळे त्याच्या जवळच्या अणूंचे संकेत रुंद होऊन दिसेनासे होतात. कोणते नाहीसे झाले यावरून जागा कळते, अंतरे आणि आकार कळत नाहीत.

जस्त आणि आम्लता

वेळ उरला तर हे दोन छोटे उपप्रयोग करा. जस्तही याच हिस्टिडीनांवर बसते, पण फार ढिले, केडी २०० मायक्रोमोलरच्या आसपास. ३०० मायक्रोमोलर जस्त ठेवून वरचा ईपीआर पुन्हा घ्या. जस्त तांब्याला हाकलत नाही, पण चौघांनी एक तांबे धरण्याची तऱ्हा कमी होऊन एकेकट्याची वाढते. पीएच खाली नेला तर सहाच्या आसपास हिस्टिडीने प्रोटॉन घेऊ लागतात आणि तांबे सुटते. पेशी हे प्रथिन आत ओढून आम्लधर्मी पोकळ्यांत नेते, तिथे तांबे सोडले जात असावे हा तर्क यावरूनच आला. तांबे वाढले की हे प्रथिन पृष्ठभागावरून आत ओढले जाते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले आहे.

पूर्ण प्रथिन हवेच असेल तर

जिवाणूत बनवलेले पूर्ण प्रिऑन प्रथिन निकेलच्या कॉलमवर हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी मुद्दाम जोडलेली हिस्टिडीनांची शेपटी) नसतानाही अडकते. ऑक्टारिपीटची हिस्टिडीनेच टॅगचे काम करतात. शुद्धीकरणाला हे सोयीचे, पण उतरवल्यावर थोडे निकेल सोबत येते आणि ते तुमच्याच जागा अडवते. ईडीटीएने ते काढा, मग तो ईडीटीए काढायला चेलेक्स केलेल्या बफरमध्ये दीर्घ डायलिसिस करा. शेवटी उरलेला धातू ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर तपासा. तांबे घातल्यावर सैल भाग घडीच्या भागाला येऊन टेकतो, हे फक्त पूर्ण प्रथिनातच बघता येते. पेप्टाइडात ते दिसणार नाही.

घरच्यांची काळजी हमखास असते: हे मॅड काऊवाले प्रथिन ना? सिंथेटिक पेप्टाइड संसर्गजन्य नसते, त्यात घडी बदलणारा भागच नाही. पूर्ण प्रथिन हातमोजे घालून हाताळा आणि त्याचे फिब्रिल, म्हणजे एकत्र गोळा झालेले तंतू, व्हायला लावणारे प्रयोग या प्रकल्पात घेऊ नका. रोगी ऊती या पातळीवर कोणीही आणू नये. खरे प्रिऑन अल्कोहोलला किंवा फॉर्मॅलिनला दाद देत नाहीत. त्यांना १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर किंवा १३४ अंशांचे ऑटोक्लेव्ह लागते, आणि त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागते.

प्रबंधात काय लिहायचे

केडीच्या प्रत्येक आकड्याशेजारी पीएच, तापमान, बफर, तांबे-पेप्टाइड गुणोत्तर, ग्लायसीनची तीव्रता आणि वापरलेले ग्लायसीनचे स्थिरांक लिहा. टोके बंद होती का तेही लिहा. यातली एक गोष्ट गाळली तरी दुसऱ्याला तो आकडा कशाशीही ताडून बघता येणार नाही.

पुढचे वर्ष हाताशी असेल तर माझी सूचना अशी. काही घराण्यांत या प्रथिनाच्या जनुकात जादा आवर्तने घुसलेली आढळतात, एकापासून नऊपर्यंत. ती आनुवंशिक प्रिऑन रोगाशी जोडलेली आहेत. पाच किंवा अधिक जादा असतील तर रोग बराच लवकर सुरू होतो. अशा लांब पेप्टाइडांत तांबे वाढवत नेले तरी चार हिस्टिडीनांची घट्ट तऱ्हा सहजी सुटत नाही, असे २००९ च्या कामात दिसले आहे. आठ आवर्तनांचे पेप्टाइड महाग पडते. सहा आवर्तनांचे मागवा, वरचाच ग्लायसीनचा प्रयोग आणि ईपीआरचे तेच चार नमुने त्यावर करा, आणि चार आवर्तनांच्या वक्राशेजारी ठेवा. गुणोत्तर मोजताना मात्र हिशेब पेप्टाइडच्या रेणूमागे न करता हिस्टिडीनमागे करा, नाहीतर लांब पेप्टाइड उगाच जास्त तांबे धरताना दिसेल.